टाळूचा तुकडा

डॉक्टरीणबाई 'टाळू' म्हणाल्या आणि सखुबाईची जीभ आपोआप वर जाऊन टाळूला चिकटली. तोवर तिनं सगळं निमूट ऐकून घेतलं होतं. उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवरची बारकी गाठ ती वर्षभर रांजणवाडी म्हणून मिरवत होती. गरम बोटानं शेकली, लसूण चोळली, शेजारणीनं दिलेलं घरचं काजळ भरलं, तरी ती काही जिरली नाही. आता घाटकोपरच्या या इस्पितळात डॉक्टर शर्मिष्ठा सांगत होत्या की ती रांजणवाडी नाही, पापणीच्या आतल्या ग्रंथीचा कॅन्सर आहे. सखुबाई नुसती "असू दे" म्हणाली. सोबत आलेली सून श्वेता तेवढी पांढरीफटक पडली. गाठ अजून पापणीतच आहे, वेळेत आलात, काढली की निघेल, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा श्वेतानं श्वास सोडला. सखुबाईनं तो धरलाच नव्हता, म्हणून सोडायचाही प्रश्न नव्हता. "पण मावशी, खालची पापणी पाऊण जाईल," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "ती मला नवीन बांधावी लागेल. पापणी दोन पदरी असते. बाहेरचा पदर कातडीचा, तो मी गालावरून सरकवून आणेन. आतला पदर मात्र ओला हवा, गुळगुळीत हवा आणि थोडा ताठही हवा. तसा तुकडा अंगात एका जागी छान मिळतो. तुमच्या टाळूत." त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की पोळीला पीठ कुठल्या डब्यातलं घ्यायचं तेच सांगतायत असं वाटावं. आणि इथं सखुबाईचं तोंड गच्च मिटलं. कॅन्सर म्हटल्यावर न हललेली बाई टाळू म्हटल्यावर हादरली. आता बोला!

"टालू नाय," ती म्हणाली. "दुसरा काय बी घ्या. कान घ्या. दोन हायत." चाळीस वर्षं बाजारात काढलेली बाई, भाव सांगितला की तो पाडायचा, एवढंच तिला ठाऊक. डॉक्टर हसल्या. कानातली कूर्चा घेतात, पण ती कोरडी, तिला ओलं अस्तर नसतं. बुबुळावर घासत राहिली तर तुम्हीच मला शिव्या द्याल. बरं, मग ओठाच्या आतलं घ्या, ही म्हणाली. ते ओलं आहे पण लुळं, पापणी लोंबत राहील. नेत्रपेढीतून दान आलेल्या डोळ्याचं पांढरं आवरणही मिळतं, ते पुढे आकसतं. मेलेल्या माणसाचं कोणाचं तरी आपल्या डोळ्यात येणार, याचं सखुबाईला खरं तर काही वाटलं नाही. बिचारा देऊन गेला, भलं होवो त्याचं. पण आकसणारा माल घेऊन करायचं काय? मग वरच्या पापणीतून खाली उसनं घेता येतं असं निघालं. त्यावर सखुबाईनं मान डोलावली, सौदा जमत आला असं तिला वाटलं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "पण मग वरची आणि खालची पापणी एकमेकींना शिवून टाकावी लागते. पाच-सहा आठवडे हा डोळा बंद." पाच-सहा आठवडे! एप्रिल अर्धा संपला होता. मे म्हणजे आगोटीचा महिना, पावसाआधी अंधेरीतली अर्धी घरं तिच्याकडून सुकी मासळी भरून ठेवतात. "टाळूची जखम आपोआप भरते मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "तीन-चार आठवड्यांत. घरी विचार करा, पण आठ दिवसांच्या वर नको हं."

मेट्रोत बसायला जागा मिळाली. श्वेता फोनवर कृणालला, म्हणजे सखुबाईच्या लेकाला, हळू आवाजात सगळं सांगत होती, आणि सखुबाई जिभेनं टाळू चाचपत होती. पुढे खरबरीत वळ्या, मागे गुळगुळीत. आयुष्यात कधी इतकं नीट पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कशी, स्वतःची टाळू कोणाला दिसते? मरोळ नाका आला आणि दार उघडलं तेव्हा तिला उगाच वास आला. स्टेशनात कुठला यायला, पण आला. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार, शनिवारची सकाळ, पोती सोडलेली, आणि ढिगासमोर उकिडवी बसलेली तिची सासू सुंदराबाई, नऊवारी कमरेला घट्ट, चेहरा तांब्याचा. सखू एकोणीस वर्षांची असताना मढहून लग्न होऊन वेसाव्याला आली, त्याच महिन्यात सासूनं तिला या ढिगासमोर बसवलं. बोंबलाच्या शेपटाचा तुकडा तिच्या तोंडात घातला. "चावू नको. डोले मिट. जिभेनं टालूला लाव आन दहा मोज. गप रव. टालू सांगल." टाळूनं काय सांगितलं? काही नाही. बोंबील बोंबलासारखा लागला. सखू "हो आत्या, चांगला हाय" म्हणाली आणि सासूनं तिच्या डोक्यात टपली मारली. तीन वर्षं टाळू मुकी. आणि मग एका शनिवारी, पहिली लेक पोटात होती तेव्हा, डोळे मिटून दहा मोजता मोजता सातव्याला तिला कळलं. चव नव्हे, दुसरंच काहीतरी. हा बोंबील बांबूच्या वलांडीवर पुरता वाळला नव्हता, तीन दिवसांच्या जागी एकाच दिवसाचं ऊन खाऊन आला होता, आणि वरून मीठ मारून कोणीतरी त्याला सावरलं होतं. असला माल डब्यात भरला की आषाढात बुरशी. "दोन उन्हं कमी," ती डोळे न उघडताच म्हणाली. सासूची तिच्या पाठीवर थाप पडली, ती थाप सखुबाईला अजून हवी तेव्हा काढून अंगावर घेता येते.

आणि ती टाळू आता कापून डोळ्यात लावायची! घरी पोचल्यावर नवरा रामचंद्र जाळं विणायचं सोडून सगळं ऐकत बसला, आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "तोंडातला थोडा कमी झाला तर वाईट काय हाय गो सखू?" तिनं त्याला भांडं फेकून मारलं नाही याचं कारण भांड्यात कालवण होतं. पण हसू आलंच. संध्याकाळी श्वेता तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. ही मुलगी भांडुपची. तिचे आईवडील साताऱ्याकडचे. त्यांच्या घरी सुकट खायची असते, पारखायची नसते. पवईच्या ऑफिसातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी ती सासूच्या धंद्यात आली, फोनवर गिऱ्हाइकांचा ग्रुप केला, पिशव्यांवर नाव छापून आणलं, वजनाला कधी चुकली नाही. पण मरोळला ढिगासमोर बसली की तिनं हात पुढे करायचा आणि सखुबाईनं म्हणायचं, "ठेव खाली. तुझी टालू भांडुपची." सगळा बाजार हसायचा, श्वेताही हसायची. आज ती हसली नाही. "मम्मी, टाळू भरून येते म्हणाल्या ना त्या." "भरून येते ती कातडी गो. त्यातली पारख भरून येते काय?" आणि सखुबाईला सुंदराबाईची कवळी आठवली, म्हणजे आठवू नये म्हणून इतका वेळ जी ती ढकलत होती, ती कवळी. म्हातारीचे वरचे सगळे दात गेले, अंधेरीत जाऊन तिनं टाळूभर बसणारी कवळी करून आणली, कोळीवाडाभर दात दाखवत फिरली. पुढच्या शनिवारी मरोळला तिनं तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, दहा मोजले, वीस मोजले, आणि डोळे उघडून म्हणाली, "काय कलत नाय गो. टालू झाकली. आता तूच बघ." बस्स. एका वाक्यात चाळीस वर्षांचं राज्य खाली ठेवलं. त्यानंतर मरेपर्यंत अकरा वर्षं ती सोबत यायची, पण तोंडात तुकडा कधी घेतला नाही. बाजूला बसून दुसऱ्यांच्या सुनांच्या कुचाळक्या करायची, आणि मधेच, नेमका सौदा रंगात आला की, "चल गो, पाय दुखतान माझे," म्हणून उठायची. सखुबाई चरफडत तिच्या मागून जायची. हळदीला हीच म्हातारी अख्ख्या गल्लीला मागे टाकून नाचायची ते वेगळं. तर झाकलेल्या टाळूनं सुंदराबाईसारखी बाई बाजूला बसली, मग कापलेल्या टाळूनं आपलं काय होणार? नुसती मीठमसाल्याची म्हातारी व्हायची, पोत्यावर बसवून ठेवलेली. सखुबाई घाबरली होती. कॅन्सरला नाही, पोत्यावर बसायला घाबरली होती.

सात दिवस गेले. आठव्या दिवशी सकाळी अंधेरीच्या मंडईत ती आपल्या पाटावर बसली होती, शेजारणीच्या फळीवर पापलेटं लावलेली, आणि त्यातलं एक तिच्याकडे टक लावून बघत होतं. हे पापलेट काही नवं नव्हतं. असली हजारो तिच्याकडे बघत आली होती. पण आज तिला एकदम उमगलं की माशाला पापणी नसते. जिवंतपणी नाही, मेल्यावर नाही. बिचारा समुद्रात झोपतो तोही डोळे उघडे टाकून, आणि फळीवर येतो तोही तसाच. पापणी गेली, नवी धड झाली नाही, तर आपणही अशाच. मग बोंबील टाळूला लावून डोळे मिटायचे तरी कसे? एक मिटलेला आणि एक राजारामच्या तोंडाकडे टकामका बघतोय! राजाराम म्हणजे मरोळचा ठोकवाला, पानानं लाल दात, तो तर हसून मरेल. तिला तिथंच खुदकन हसू फुटलं. डोळे मिटल्याशिवाय टाळू बोलत नाही, हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. म्हणजे टाळू राखायची तरी पापणी लागणार, आणि पापणीला टाळू. "श्वेता," तिनं हाक मारली, "लाव त्या बाईला फोन. सांग, घे म्हनावं काय घ्यायचा तो."

गाठ आधी काढली. काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासून साफ आल्या, म्हणजे आत काही उरलं नाही, तेव्हा श्वेता इस्पितळाच्या जिन्यात बसून रडली आणि कृणालनं सगळ्या मजल्याला पेढे वाटले. चार दिवसांनी टाळूचा तुकडा निघाला. किती मोठा म्हणाल, तर सोललेल्या कोलंबीएवढा. तो पापणीच्या आत बसवला आणि गालाची कातडी सरकवून वर पांघरली. तोंडातल्या जखमेवर दाताच्या डॉक्टरनं मापाचं पातळ प्लास्टिकचं झाकण करून दिलं, अख्खी टाळू झाकणारं; चूळ भरायला काढायचं, लगेच परत लावायचं. पहिले चार दिवस सखुबाई बोलली की तोंडात गोटी ठेवल्यासारखं यायचं आणि रामचंद्र मुद्दाम "काय? काय म्हनलीस?" करायचा. थंड पेज, थंड दूध, आइस्क्रीम. साठीला टेकलेल्या बाईला डॉक्टरनं आइस्क्रीम खा म्हणून सांगावं, हे सुख थोडंथोडकं आहे? नातवंडं जळून खाक झाली. पट्टी सुटल्यावर आरशात पापणी दिसली ती सुजलेली, लाल, पण पापणीच. मिटत होती. थोडी फट राहायची, मलम घालावं लागायचं, पण मिटत होती. "बाय," तिनं तपासणीच्या दिवशी विचारलंच, "ह्या डोल्याला आता खारा-गोडा कलल काय?" डॉक्टर शर्मिष्ठा एवढ्या हसल्या की त्यांना हातातली बॅटरी खाली ठेवावी लागली. नाही मावशी, तो तुकडा तिथं फक्त अस्तराचं काम करणार. तरी सखुबाई दुपारी आडवी झाली की डोळे मिटून वाट पाहायची. तुकडा आता आसवांत बसला होता, खाऱ्या पाण्यात. चाळीस वर्षं मीठ ओळखलं त्यानं, हे मीठ ओळखत नसेल? काही सांगायचा नाही. आणि तोंडात, जिथून तो गेला तिथं, जीभ वर न्यावी तर गार गुळगुळीत प्लास्टिक. जीभ गोंधळून खाली यायची. त्या प्लास्टिकवर जीभ लागली की तिला सासू दिसायची, कवळी लावून पोत्यावर बसलेली. आत्या, तुला असंच झालं होतं काय गो? कधी बोलली नाहीस तू. मी पण कधी विचारलं नाही. उलट आता सगळं माझ्या हाती, म्हणून मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोला.

मेचा तिसरा शनिवार उजाडला. प्लास्टिक अजून आठवडाभर ठेवायचं होतं, डोळ्याला काळा चष्मा, पण ग्रुपवर चाळीस घरांची मागणी येऊन पडली होती आणि श्वेता एकटी मरोळला जायला निघाली होती. "मी येतंय," सखुबाई म्हणाली. "नुसती बसन." बाजारात शिरल्यावर चारी बाजूंनी हाका आल्या, कोणी चष्म्यावरून चेष्टा केली, कोणी गालाला हात लावून पाहिलं, आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. राजारामच्या ढिगाशी दोघी उकिडव्या बसल्या. बोंबील दिसायला झकास, लांब, पिवळसर, काठीसारखे ताठ. "मावशी, तुमच्यासाठी राखून ठेवलाय बघा," राजाराम म्हणाला. श्वेतानं त्याच्याशी भावाचं बोलणं सुरू केलं, मागून एक टेम्पो हॉर्न देत होता, ऊन पाठीवर येत होतं, आणि सखुबाईच्या हातानं, तिला न विचारता, चाळीस वर्षांच्या सवयीनं एक शेपूट मोडलं, तोंडात टाकलं, चष्म्याआड दोन्ही डोळे मिटले. एक, दोन, तीन. जुनी पापणी आणि नवी पापणी, दोन्ही खाली आल्या. चार, पाच. सातला तिला कळलं. दीड ऊन कमी. वरून मीठ, तेही जाडं, घाईत मारलेलं. आतून अजून ओला. 'मेल्या राजाराम' असं तिच्या अगदी ओठांवर आलं, आणि तिथंच ती थांबली. तुकडा तिच्या जिभेनं प्लास्टिकवर दाबून धरला होता.

प्लास्टिकवर! टाळू तर पंधरा-वीस दिवस झाकलेली. तिचा एक तुकडा तर घाटकोपरला डोळ्यात जाऊन बसलेला. मग कळलं कोणाला? जिभेला कळलं असेल, नाकाला, बोटांना, मोडताना झालेल्या त्या 'कट्' आवाजाला, देव जाणे कोणाला. पण टाळूला नव्हे. टाळूला कधीच नव्हे. घ्या! ज्या टाळूसाठी आठ दिवस कॅन्सर उशाशी घेऊन झोपली, ती टाळू चाळीस वर्षं नुसती छप्पर होती. सखुबाईला इतकं मोठ्यांदा हसावंसं वाटलं, पण हसायच्या आतच डोळ्यांसमोर सुंदराबाई आली. कवळी लावलेली. टालू झाकली गो, काय कलत नाय. खोटारडी! कवळी लावून तुला कालवणात चिमूटभर मीठ कमी पडलेलं दारातून कळायचं आणि बोंबलाचं ऊन कळत नव्हतं? तुला सगळं कळत होतं. तुला पहिल्या शनिवारी कळलं होतं, त्या वीस आकड्यांत तू ते मुकाट गिळलंस आणि तुझं सगळं राज्य माझ्या ओटीत टाकलंस, मला उपकार वाटू नयेत म्हणून कवळीवर ढकललंस. मी चाळिशीची झाले तरी तू असेस्तोवर मी नुसती सूनच राहिले असते, हे तुला दिसलं आणि मला नाही दिसलं. आणि तुझे पाय! अकरा वर्षं ज्या ज्या ढिगासमोर तुझे पाय दुखले, त्या त्या ढिगावरून मी चरफडत उठले, आणि अकरा वर्षांत माझा एक माल बुरसला नाही, आणि मी समजत होते की ती माझी पारख. काळ्या चष्म्याखालून पाणी आलं. नव्या पापणीनं ते नीट धरलं, एक थेंब सांडू दिला नाही. डॉक्टरीणबाईंनी काम चोख केलं होतं.

"काय झालं मम्मी? दुखतंय का?" श्वेता वाकून विचारत होती. "तुकडा तोंडात घातला का तुम्ही? अहो, जखम आहे ना! थुंका आधी." सखुबाईनं तुकडा थुंकला. श्वेताच्या कपाळावर घाम होता, हातात फोन, डोळ्यांत खरीखुरी काळजी. आणि काळजीच्या खाली, पार तळाशी, दोन वर्षांपासून दाबून ठेवलेला एक प्रश्न, मला कधी चाखू देणार? "कसा आहे माल?" तिनं विचारलं ते एवढंच. सखुबाईनं राजारामकडे पाहिलं. राजाराम ढिगाकडे पाहत होता. "काय कलत नाय गो," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, ते बरंच झालं. "टालू झाकलीय ना. आता तूच बघ."

श्वेतानं शेपूट मोडलं, तोंडात ठेवलं, डोळे गच्च मिटले. ओठ हलत होते, आकडे मोजत होती पोरगी, आणि चेहरा असा झाला होता की सखुबाईला आपली एकोणीस वर्षांची मान ताठ झाल्यासारखी वाटली. दहा झाले. पंधरा झाले. श्वेतानं डोळे उघडले. "चांगला वाटतोय," ती म्हणाली, आणि मग, खरं बोलणारी मुलगी, "बहुतेक. नक्की नाही कळत. घेऊ या का?" राजारामनं लगेच तराजू ओढला. सखुबाईनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि कण्हत, कुंथत, दोनदा बसून, तिसऱ्यांदा उठली.

"घ्यायचा का नाय ता तू ठरव. पन जरा चल गो, पाय दुखतान माझे."

"पाय? तुमचे पाय कधीपासून दुखायला लागले?"

"आत्ता," सखुबाई म्हणाली, आणि सुनेच्या खांद्यावर हात टाकून पुढच्या ढिगाकडे निघाली.